कर्जाचं कारण : दवाखाना

इचलकरंजीतल्या एका पतसंस्थेत मी कर्ज विभागात काम करते. सोनेतारण, ठेवतारण, पगारतारण असे अर्ज रोज माझ्या टेबलावर येतात. अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना असतो. बहुतेक जण तिथे ‘घरगुती अडचण’ असं लिहितात. अडचण कसली, ते बोलताना कळतं. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाची भिंत पडलेली असते, कुणाला मुलाची फी भरायची असते. पण मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं कारण दवाखान्याचं आहे. दवाखान्यासाठी पैसे हवे असलेला माणूस व्याजाचा दर विचारत नाही. आज किती मिळतील आणि किती वाजेपर्यंत मिळतील, एवढंच विचारतो.

२०२२ च्या पावसाळ्यात असा अर्ज माझ्या माहेरहून आला. तारण होतं आईची बोरमाळ आणि दोन पाटल्या. अर्ज घरचाच असल्यामुळे तो शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने भरला. त्यानंतरच्या काळात साध्या घरात आजारपणाचा पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि कुठे वाचू शकतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं. जसं पाहिलं तसं लिहिते आहे, कारण यातली बरीचशी माहिती आमच्यापर्यंत पैसे भरून झाल्यावर पोचली.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. मजुरी विणलेल्या मीटरवर आणि पगार आठवड्याला. वीज गेली, सूत आलं नाही, कापडाला उठाव नसला की माग बंद आणि मजुरीही बंद. भविष्य निर्वाह निधी नाही, कामगार विमा नाही. आई कांड्या भरायला जायची. या दोन मजुऱ्यांवर आमची शिक्षणं झाली, माझं लग्न झालं आणि दोन खोल्यांचं घर उभं राहिलं.

पन्नाशीत अण्णांना रक्तदाब आणि मधुमेह निघाला. गोळ्या चालू झाल्या, पण त्या नेमाने कधीच चालल्या नाहीत. मंदीच्या आठवड्यात आधी किराणा, मग गॅस, मग भिशीचा हप्ता आणि उरलं तर गोळ्या. “मला काय होतंय? ठणठणीत आहे की मी,” असं ते म्हणायचे आणि ते खरंही वाटायचं. रक्तदाब दुखत नाही. वाढलेली साखर दुखत नाही. या दोन्हींनी मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत जातात, तेही बराच काळ दुखत नाही. महिन्याच्या गोळ्यांचे काही शे रुपये वाचवत वाचवत आम्ही लाखांच्या बिलापर्यंत पोचलो. आमच्या गल्लीत आजही अनेक घरांत हेच चाललेलं मी पाहते.

त्या पावसाळ्यात अण्णांच्या पायांवर सूज आली, जेवण तुटलं, आणि एका रात्री आडवं पडलं की दम लागायला लागला. ते भिंतीला टेकून बसून राहिले. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही त्यांना जवळच्या शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात नेलं. कोल्हापूरला थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेऊ या, असं कुणीतरी म्हणालंही होतं. पण श्वास लागलेला माणूस गाडीत असताना जे दार आधी लागतं तिथेच गाडी थांबते. रक्त तपासल्यावर कळलं की मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत, पोटॅशियम वाढलंय आणि फुप्फुसांत पाणी झालंय. डायलिसिस लगेच करायला हवं होतं. मानेतून नळी घालून पहाटे ते सुरू झालं आणि अण्णा वाचले. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा जीव वाचवला, हे मी आधी सांगते. मला जे म्हणायचं आहे ते उपचारांबद्दल नाही, पैशांबद्दल आहे.

दाखल करताना ५०,००० रुपये अनामत मागितली. रात्री घरात असतील नसतील तेवढे, मामांकडचे, दादाच्या मित्राकडचे असे ३२,००० जमले. बाकीचे सकाळी अकराच्या आत भरतो असं लिहून दिलं. मग अतिदक्षता विभागातून चिठ्ठ्या यायला लागल्या. चिठ्ठी घ्यायची, खाली रुग्णालयाच्याच औषध दुकानात जायचं, पिशवी भरून इंजेक्शनं, सलाईन, हातमोजे, सुया, नळ्या आणायच्या आणि दारातून आत द्यायच्या. आत काय वापरलं, काय उरलं, ते विचारायची सोय नव्हती आणि त्या वेळी विचारायचं सुचतही नाही. दार उघडलं की सगळे नातेवाईक एकदम उभे राहायचे. पुन्हा चिठ्ठी आली तर आपल्या नावाची नको, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असायचं.

आठवड्याभराचं बिल औषधं धरून २,१८,००० रुपये झालं. आकडे वाचणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून मी ते बिल ओळ न् ओळ वाचलं. खाटेचं भाडं वेगळं, मॉनिटरचं वेगळं, ऑक्सिजनचं वेगळं, नर्सिंगचं वेगळं. एकाच दिवशी तीन डॉक्टरांच्या भेटी, प्रत्येकीचा आकार वेगळा. शेवटी ‘इतर’ नावाची एक ओळ आणि तिच्यासमोर पाच आकडी रक्कम. तपशील मागितल्यावर तो दुसऱ्या दिवशी मिळाला आणि ‘इतर’मधले काही हजार कमी झाले. न मागितलं असतं तर तेही भरावेच लागले असते.

यात आम्हीच एकटे नव्हतो. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली होती. काही वस्तूंवर आणि औषधांवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचं त्यात दिसलं. ज्यांच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण नाही अशी औषधं आणि एकदाच वापरून टाकायच्या वस्तू, यांवर तो नफा होता. म्हणजे चिठ्ठीवर लिहून येणाऱ्या त्याच पिशवीतल्या वस्तू. छापील किमतीलाच विकलं, म्हणून कायद्याने त्यात काही चूकही ठरत नाही. छापील किंमतच कितीतरी पट वाढवून छापलेली असते.

हे पैसे आले कुठून, तेही सांगते. बोरमाळ आणि पाटल्या तारण ठेवल्यावर सोन्याच्या किमतीच्या साधारण पाऊणपट रक्कम मिळाली. मामांनी उसने दिले. माझ्या नवऱ्याने त्याच्या भिशीचा नंबर पुढे ओढून घेतला. आईने आम्हाला न सांगता गल्लीतल्या बायकांच्या गटात मायक्रोफायनान्सचं कर्ज उचललं. दर आठवड्याला वसुलीवाला दारात यायला लागला तेव्हा ते आम्हाला समजलं. धाकटा भाऊ बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. परीक्षेचा फॉर्म भरायचा त्या महिन्यात तो अण्णांच्या जागी मागावर उभा राहिला. रुग्णालयाच्या बिलात हा खर्च कुठेही लिहिलेला नसतो. बिल एकदा भरून संपतं, व्याज पुढची काही वर्षं चालू राहतं आणि सुटलेलं शिक्षण बहुतेक वेळा सुटूनच जातं. माझ्या भावाची पदवी अजून राहिलेली आहे.

अण्णांना घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं की आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागेल, कायमचं. प्रत्येक वेळचा खर्च विचारला. मनातल्या मनात महिन्याचा हिशेब केला तर तो भावाच्या नव्या मजुरीपेक्षा जास्त होत होता. त्या संध्याकाळी तिथल्या एका ब्रदरने मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, “ताई, रेशन कार्ड कुठल्या रंगाचं आहे तुमचं?” मी केशरी म्हटल्यावर तो म्हणाला, “मग इथं कशाला थांबलाय? आमच्याकडं योजना नाही. मिरजेला योजनेच्या दवाखान्यात हलवा. डायलिसिस मोफत होतंय तिथं.”

योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ पासून तिला आजचं नाव आहे. म्हणजे आम्ही अनामत भरायला धावत होतो तेव्हा ही योजना दहा वर्षांची होती आणि आमच्या कपाटातलं केशरी कार्ड तिच्यासाठी पुरेसं होतं. त्या वेळी एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यातून मिळत होते. दाखल करताना आमच्याकडे आधार कार्ड मागितलं, मोबाईल नंबर मागितला, अनामत मागितली. रेशन कार्डाचा रंग मात्र त्या ब्रदरने जिन्यात विचारेपर्यंत कुणी विचारला नव्हता.

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. इंग्रज अमदानीत डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथे मिशनचा दवाखाना उभा केला, तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा माणसं उपचाराला तिथे येतात. योजनेतल्या रुग्णालयात आत शिरल्याबरोबर आरोग्यमित्राचं टेबल असतं. त्या मुलाने शांतपणे सगळं समजावून सांगितलं. रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरांची कागदपत्रं घेऊन नोंदणी करायची, मग रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागतं, ती आली की उपचार बिनपैशांचे. आमचं घोडं अडलं ते नावावर. रेशन कार्डावर अण्णांचं घरातलं नाव होतं आणि आधारवर शाळेच्या दाखल्यातलं. ते दुरुस्त करायला तहसील कचेरीत हेलपाटे झाले, तोवर काही डायलिसिस पैसे भरून करावे लागले. मंजुरी आल्यावर मात्र डायलिसिस मोफत झालं. हातातल्या शिरेची फिस्टुलाची शस्त्रक्रियाही योजनेतूनच झाली.

तिथेच मी विचारलं, आधी भरलेल्या पैशांचं काय? आरोग्यमित्र म्हणाला, “ताई, ही योजना कॅशलेस आहे. पेशंट दाखल असताना, आणि योजनेच्याच दवाखान्यात, नोंद झाली तर उपयोग. भरलेलं बिल दाखवून पैसे परत मिळत नाहीत.” सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट ही आहे. घर कर्जात बुडणार की नाही, हे आजार किती मोठा आहे यावर जेवढं ठरतं, तेवढंच पहिल्या काही तासांत पेशंट कुठल्या दारातून आत गेला आणि दारात कुणी काय विचारलं, यावर ठरतं. आणि त्या तासांत घरातल्या कुणाचंही डोकं ठिकाणावर नसतं.

योजना मिळाली म्हणजे खर्च संपला असंही नाही. इचलकरंजी ते मिरज हे अंतर एसटीने तासाभराचं. डायलिसिसला चार तास. मशीनवरून उठल्यावर अण्णांचे पाय लटपटायचे, म्हणून जाताना एसटी आणि येताना रिक्षा किंवा ओळखीची गाडी. मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, तेव्हा आईचे पैसे वाचायला लागले. पण आई बरोबर जाते त्या दिवशी तिची मजुरी बुडते. रक्त वाढवायची इंजेक्शनं कधी रुग्णालयात मिळायची, कधी बाहेरून आणावी लागायची. रक्तदाबाच्या, फॉस्फरसच्या, ॲसिडच्या गोळ्या तर घरच्याच. त्यांना सुरुवातीला महिन्याला २,४०० रुपये लागत. एका तरुण डॉक्टरांनी कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून दिलं आणि जनऔषधी केंद्रात जायला सांगितलं. सगळं तिथे मिळत नाही, पण जे मिळतं ते धरून खर्च ७०० रुपयांवर आला. तेच औषध, तोच परिणाम. त्यांच्या त्या दोन मिनिटांच्या कामाने आमच्या घरात दर महिन्याला १,७०० रुपये राहतात.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाचाही विचार झाला. आई लगेच म्हणाली, माझं घ्या. तपासणीत तिलाही मधुमेह निघाला. मी तयार होते, पण अण्णांनी ऐकलं नाही. योजनेत प्रत्यारोपणासाठी तेव्हा अडीच लाखांची मर्यादा होती, पुढे ती साडेचार लाख करण्याचा निर्णय झाला. पण प्रत्यारोपणानंतर शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतात आणि ती चुकवून चालत नाही. अण्णा म्हणाले, “पोरांच्या डोक्यावर आणखी बोजा नको. आहे ते चाललंय.” माणसाला आपल्या शरीराचा निर्णय घरचा हिशेब मांडून घ्यावा लागतो, हे मी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलं आणि त्यावर मला काही बोलता आलं नाही.

डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकांवर मी खूप शिकले. तिथे चार-चार तास बसणारे नातेवाईक एकमेकांना सगळं सांगतात. तिथेच एका बाईंकडून धर्मादाय रुग्णालयांबद्दल कळलं आणि नंतर मी ते शोधून वाचलं. महाराष्ट्रात जी रुग्णालयं सार्वजनिक न्यासांची आहेत, त्यांना न्यास म्हणून सवलती मिळतात. त्या बदल्यात त्यांच्यावर बंधनही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक योजना घालून दिली. तिच्याप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. आज निर्धन रुग्णासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० रुपये आहे आणि दुर्बल घटकासाठी ३,६०,००० रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड दाखवायचं आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाकडून अनामत मागता येत नाही.

इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या बहुतेक घरांचं उत्पन्न या दोन मर्यादांच्या आत बसतं. तरी या खाटांबद्दल आमच्या गल्लीत कुणाला माहिती नव्हती. मी विचारत गेले तेव्हा कळलं की डॉक्टर, वकील, नगरसेवक यांच्या ओळखीतल्यांना ती असते. कायदा गरिबासाठी केलेला आहे आणि त्याची माहिती ओळख असलेल्याकडे आहे.

रुग्णाच्या हक्कांचंही तेच. राज्यातल्या शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. रुग्णालयाने आपले दर आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, बिलाचा तपशील द्यायचा, पैसे थकले म्हणून मृतदेह अडवायचा नाही, असं त्यात आहे. औषध कुठल्या दुकानातून घ्यायचं हे ठरवायचा हक्कही रुग्णाचा आहे. अण्णांना पहिल्यांदा दाखल केलं तिथे आम्हाला असा फलक कुठे दिसला नाही. खालच्या दुकानातूनच औषधं आणायची, असं मात्र स्पष्ट सांगितलेलं होतं.

दर ठरवता येतात आणि पाळायला लावता येतात, हे आपण सगळ्यांनी एकदा पाहिलं आहे. २१ मे २०२० रोजी राज्य सरकारने कोविडसाठी खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले. साध्या विलगीकरणाला दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. जिल्ह्याजिल्ह्यांत बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले. आमच्या शेजारच्या घरातल्या कर्त्या माणसाचं बिल तपासलं गेलं आणि त्यांचे ३८,००० रुपये परत मिळाले. तो माणूस गेला, पण त्याच्या बायकोला निदान तेवढं कर्ज कमी फेडावं लागलं. हृदयाच्या स्टेंटचंही तसंच. फेब्रुवारी २०१७ पूर्वी औषध लावलेल्या स्टेंटला लाखाच्या वर मोजावे लागत. तेव्हा किंमत बांधली ती २९,६०० रुपये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीही बांधल्या गेल्या. त्यामुळे उपचार थांबले नाहीत, रुग्णालयंही बंद पडली नाहीत.

रुग्णालयांची बाजूही मी ऐकली आहे. योजनेचे दर परवडत नाहीत, पैसे महिनोन् महिने मिळत नाहीत, म्हणून आम्ही योजना घेत नाही, असं एका डॉक्टरांनी मला सांगितलं. ते स्वतः आमच्या संस्थेचे कर्जदार आहेत, मशीनसाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते फेडताहेत. त्यांची तक्रार खरी असेल तर सरकारने ते पैसे वेळेवर द्यायला हवेत. पण त्याचा भार मागावरच्या कामगाराने बायकोचं डोरलं ठेवून उचलावा, हे मला मान्य नाही.

परिस्थिती थोडी सुधारली आहे, हेही सांगितलं पाहिजे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्य खर्चात लोकांनी थेट खिशातून केलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. १ जुलै २०२४ पासून फुले योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये झाली आणि पांढऱ्या कार्डासह सगळ्या रेशन कार्डधारकांना ती लागू झाली. तरीही प्रत्येक शंभर रुपयांतले जवळजवळ चाळीस रुपये घरातून जातात. ते कुठल्या घरातून कसे जातात, ते मला टेबलावर रोज दिसतं.

म्हणून आता दवाखान्याचं कारण कळलं की अर्ज पुढे ओढण्याआधी मी काही प्रश्न विचारते. रेशन कार्ड आहे का? पेशंट कुठल्या दवाखान्यात आहे? तिथे योजना आहे का? दवाखाना ट्रस्टचा आहे का? उत्पन्नाचा दाखला काढलाय का? मध्यंतरी एक बाई मंगळसूत्र घेऊन आल्या. नवऱ्याला अँजिओप्लास्टी सांगितली होती, पेशंट स्थिर होता, दोन दिवसांत करायची होती. मी तिथल्या तिथे १५५३८८ या योजनेच्या क्रमांकावर फोन लावून दिला. त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात योजनेतून ते झालं. बाईंना प्रवासासाठी आणि औषधांसाठी दहा हजार लागले, तेवढेच त्यांनी घेतले. दुसऱ्या एका सभासदाच्या बायकोला स्तनाचा कर्करोग होता, परळला टाटा रुग्णालयात जावं लागे. हातकणंगल्याहून महालक्ष्मी एक्सप्रेसने दर खेपेला दोघांचं तिकीट काढून ते जात होते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर डब्यात तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा, हेही सांगितलं. संस्थेचं कर्ज त्यामुळे कमी वाटलं गेलं, पण आमच्या व्यवस्थापकांनी मला कधी अडवलं नाही. ते म्हणतात, दवाखान्याचं कर्ज थकतं, आणि थकलेल्या सभासदाचं सोनं लिलावात काढताना आपल्याला झोप लागत नाही.

हे काम पतसंस्थेतल्या एका कारकुनाचं नाही. प्रत्येक खासगी रुग्णालयाने पेशंट दाखल करताना, अनामत मागण्याआधी, रेशन कार्ड आहे का ते विचारलं पाहिजे. योजना नसेल तर ती जवळ कुठे आहे हे लेखी सांगितलं पाहिजे. दरपत्रक खिडकीपाशी मोठ्या मराठी अक्षरांत लागलं पाहिजे आणि ते तपासायला आरोग्य खात्याचा माणूस फिरला पाहिजे. कोविडमध्ये बिलं तपासणारी जी यंत्रणा उभी राहिली ती कायमची असली पाहिजे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या उपकेंद्रापर्यंत न चुकता पोचल्या पाहिजेत, कारण मूत्रपिंड वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे.

अण्णांचं डायलिसिस चालू आहे. मामांचे आणि मायक्रोफायनान्सचे पैसे फिटले, सोनेतारण अजून चालू आहे. वाचणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. घरात सगळे धडधाकट असताना एक दिवस काढा. रेशन कार्ड आणि आधार यांवरची नावं जुळतात का ते पाहा, जुळत नसतील तर आजच दुरुस्त करून घ्या. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. आपल्या गावाजवळ योजनेची रुग्णालयं कुठली, धर्मादाय रुग्णालयं कुठली, ते विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद रेशन कार्डातच ठेवा. रात्री अपरात्री गाडी काढायची वेळ आली तर आधी १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. आणि शेजारी कुणी दागिने घेऊन दवाखान्यासाठी घराबाहेर पडताना दिसलं तर त्यांना थांबवून विचारा, योजनेत बसतंय का ते पाहिलंत का?